किंग्जबरीचं घर: लंडनमध्ये भाड्याची जागा शोधताना

जुलै २०२४मध्ये माझ्या आतेभावानं, म्हणजे दादानं, पुण्याहून व्हॉट्सॲपवर एक एक्सेल शीट पाठवली. लंडनमधली सतरा घरं आणि नऊ रकाने. भाडं, खोल्या, स्टेशनपर्यंत चालत किती, तिथून कॅनरी व्हार्फ, म्हणजे त्याचं ऑफिस, किती मिनिटं, आणि शेवटच्या रकान्यात त्यानं स्वतः दिलेले मार्क. पहिला नंबर ऑफिसजवळच्या आइल ऑफ डॉग्जमधल्या एका टॉवरच्या एकविसाव्या मजल्याला होता. खाली लिहिलं होतं, "बघून घे. आजच टोकन पाठवून टाकू का?"

मी अकरा वर्षं लंडनच्या वायव्य भागात, हॅरोला राहतेय. एवढ्या वर्षांत नात्यातली, मैत्रीतली, मैत्रिणींच्या नणंदांची मिळून बरीच घरं शोधून झाली. तरी हे एकच प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण यात जवळजवळ प्रत्येक चूक आम्ही करता करता थांबलो आणि एक-दोन करूनही बसलो.

मी दादाला एवढंच कळवलं: न बघितलेल्या घरासाठी एक पेनीही पाठवायची नाही. फोटो खरे, पत्ता खरा, आणि घर भाड्यानं द्यायचा अधिकारच नसलेला माणूस पैसे घेऊन गायब, हा प्रकार इथं नेहमीचा आहे.

हाताशी काय होतं

दादा एका बँकेच्या तंत्रज्ञान विभागात. पगार वर्षाला ६२,००० पौंड, ऑफिस कॅनरी व्हार्फला, आठवड्यातून तीन दिवस जायचं. वहिनी पुण्यात शाळेत शिकवायच्या. इथं नोकरी करायची परवानगी होती, पण निदान सहा महिने मिळणार नाही असं धरलेलं. भाची नुकतीच सहा वर्षांची झालेली. कंपनीनं ऑफिसजवळच्या सर्व्हिस अपार्टमेंटमध्ये तीस दिवस राहायची सोय केली होती: १० ऑगस्टला उतरायचं आणि ९ सप्टेंबरला जागा सोडायची.

कर, विमा आणि पेन्शन कापून हातात महिना ३,७०० पौंडांच्या आसपास येणार होते. ६२ हजारांचं वर्षाचं पॅकेज ऐकून पुण्यात सगळ्यांनी लगेच रुपयांत गुणाकार केला, कर वजा करायला मात्र कुणी बसलं नाही. शिल्लकही आधीच खर्च झाली होती. इथल्या व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार आगाऊ भरावा लागतो, तेव्हा मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ आणि मुलाला ७७६ पौंड. कंपनीनं फक्त दादाचा भरला. वहिनी आणि भाचीचे तीन वर्षांचे ५,४३३ पौंड त्यांच्या खिशातून गेले. उरले नऊएक हजार. त्यातूनच डिपॉझिट, पहिलं भाडं, अंथरूण-पांघरूण आणि थंडीचे कपडे भागवायचे होते.

आता त्या एकविसाव्या मजल्याकडे येते. जाहिरातीत भाडं लिहिलं होतं ४८५, आठवड्याचं. दादानं चारनं गुणून शीटमध्ये १,९४० टाकलं. पण वर्षात आठवडे ५२ असतात, ४८ नाहीत. ४८५ गुणिले ५२ भागिले १२ केलं की महिन्याचे २,१०१ होतात, म्हणजे १६१ पौंडांचा फरक. त्यात इथले एजंट एक ठोकताळा लावतात: वार्षिक पगार महिन्याच्या भाड्याच्या तीसपट हवा. १,९४०ला ५८,२०० पुरले असते. २,१०१ला ६३,००० हवेत. म्हणजे जे घर त्याच्या यादीत सगळ्यात वर होतं, त्या घराच्या तपासणीत तो हजार पौंडांनी नापास होणार होता. शीटमधल्या सतरापैकी सहा घरांचं भाडं असंच आठवड्याचं होतं आणि चारनं गुणलेलं होतं. बँकेत काम करणारा माणूस! (हे मी त्याच्या तोंडावर म्हटलंय, इथं परत लिहायला हरकत नाही.)

दहा तारखेला ते उतरले. दुसऱ्या दिवशी वहिनींनी वरण केलं आणि मोहरी तडतडताच छतावरचा भोंगा सुरू झाला. स्वयंपाकघर दिवाणखान्यातच, खिडकी वीतभर उघडते. ओट्यावरची चिमणी धूर बाहेर टाकतच नव्हती, जाळीतून गाळून परत खोलीतच सोडत होती. खालून रिसेप्शनचा फोन आला. दादा खुर्चीवर उभा राहून टॉवेलनं अलार्मला वारा घालतोय आणि भाची कानांवर हात ठेवून सोफ्यामागे लपलीय, असा व्हिडिओ वहिनींनी मला पाठवला. त्या दिवसापासून प्रत्येक घरात आम्ही आधी स्वयंपाकघराची खिडकी उघडून बघायला लागलो. ओट्यावरच्या पंख्याला टिश्यूपेपर लावायचा. चिकटला तर पंखा ओढतोय. मग त्याचा पाइप भिंतीबाहेर जातो का, ते वरचं कपाट उघडून बघायचं. एजंट लोक आमच्याकडे जरा विचित्र नजरेनं बघायचे. बघू देत.

अकरा वाजताची चाचणी

पहिल्या आठवड्यात आम्ही दादाच्या पद्धतीनं, म्हणजे ऑफिसपासून मोजत शोधलं.

इलफर्ड नकाशावर चांगलं दिसत होतं. एलिझाबेथ लाइनची जांभळी रेघ इलफर्डलाही जाते आणि कॅनरी व्हार्फलाही. पण या दोन वेगळ्या शाखा, व्हाइटचॅपलला फुटतात. त्यामुळे एका गाडीत जाता येत नाही, व्हाइटचॅपलला उतरून दुसरी धरायची. तरीही वेळ कमी लागतो, आणि हा सगळा प्रवास तिकिटाच्या झोन चार ते दोन असा, शहराच्या मध्यभागातल्या झोन एकला न शिवता होतो, म्हणून तिकीटही स्वस्त पडतं. भाडं १,७५०, दोन बेडरूम. घर मात्र मोठ्या रस्त्यावरच्या एका दुकानाच्या वर होतं. स्वयंपाकघराची खिडकी उघडली की खालच्या भटारखान्याचं धुराडं समोर. शिवाय एजंटला सहा महिन्यांचं भाडं आगाऊ हवं होतं, कारण दादाचं इथं काहीच मागचं रेकॉर्ड नव्हतं. १०,५०० पौंड. जवळ होते नऊ हजार. तिथंच विषय संपला. इलफर्डचा यात काही दोष नाही, त्या भागात त्याच पैशांत चांगली घरं असतात. त्या आठवड्यात आमच्या वाट्याला आलं नाही, इतकंच.

स्लाओचं नाव ओळखीच्या तीन मराठी कुटुंबांनी सुचवलं, कारण ती स्वतः तिथं राहतात. भाडी जरा कमी, मराठी घरं भरपूर, पुढं मुलांसाठी ग्रामर स्कूल (परीक्षा घेऊन प्रवेश देणारी सरकारी शाळा). गाडी थेट, पण जवळजवळ तासाची. स्लाओ लंडनच्या हद्दीबाहेर आहे, याचा एक बारीक परिणाम कुणाच्या लक्षात येत नाही. इंग्लंडभर सरकारी शाळेत दुसरी इयत्ता संपेपर्यंत दुपारचं जेवण फुकट मिळतं. लंडनमध्ये मात्र २०२३च्या सप्टेंबरपासून महापौरांच्या निधीतून प्राथमिकच्या सगळ्याच वर्गांना मिळतं. भाची पुढल्या वर्षी तिसरीत गेली की स्लाओत डब्याचा किंवा जेवणाच्या पैशांचा खर्च सुरू होणार. रक्कम मोठी नाही, पण भाडं स्वस्त म्हणताना ती कुणी धरत नाही.

आणि हॅरो. खरं सांगायचं तर मी स्वतः हॅरोच रेटत होते. माझ्यापासून दहा मिनिटांवर दोन बेडरूमचा फ्लॅट, १,८५०. व्ह्यूइंगला, म्हणजे घर बघायला, जिन्यात आठ कुटुंबं रांगेत. संध्याकाळी एजंटचा फोन: कुणीतरी १,९७५ देतंय, तुम्ही किती वाढवता? दादा वाढवायला निघाला होता. वहिनींनी फोन हातातून काढून घेतला.

तोपर्यंत वहिनी सगळ्या घरांना मागे मागे येत होत्या. त्या रात्री मला म्हणाल्या, "ताई, हे तीन दिवस ऑफिसला जाणार, तेही सकाळी जाऊन संध्याकाळी येणार. उरलेला सगळा वेळ त्या घरात मी असणार. मला एकदा दिवसा, एकटीला, तिथं जाऊन बघू दे."

हे मला आधी सुचायला हवं होतं. अकरा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या ऑफिसला सोयीच्या घरात मी आठ महिने काढलेत. खाली कॉफीची तीन दुकानं होती आणि बोलायला कुणी नव्हतं.

१९ ऑगस्टला दादा कामावर रुजू झाला आणि त्याच आठवड्यात वहिनींनी त्यांची चाचणी सुरू केली. रोज एक भाग. मुलीला घेऊन सकाळी अकराला पोचायचं, दुपारी तीनपर्यंत थांबायचं, घर बघायचंच नाही. भाजी घ्यायची, वाचनालयात बसायचं, बाग शोधायची, दवाखाना कुठं आहे ते चालत जाऊन बघायचं, मुलीला बाथरूम लागली तर कुठं न्यायचं तेही. पहिला दिवस त्यांनी आहे त्याच जागी, कॅनरी व्हार्फला घालवला. संध्याकाळी त्यांचा निकाल असा होता: "अकरा वाजता इथं मी आणि सिक्युरिटीवाला. एक वाजता हजारभर लोक डबे घेऊन बाहेर येतात, दोनला परत आत. आजी एकही दिसली नाही."

आजी एकही दिसली नाही, हे वाक्य मी तेव्हापासून वापरते. भागात दिवसा आज्या दिसतात का? दिसल्या तर जवळ दवाखाना असतो, बाक असतो, चढ कमी असतो, बस वेळेवर येते आणि भाजी उचलता येईल एवढ्या अंतरावर मिळते.

तिसऱ्या दिवशी त्या किंग्जबरीला गेल्या. हा भाग माझ्या डोक्यात नव्हता. मी त्यातून १८३ नंबरच्या बसनं अनेकदा गेलेय, उतरले मात्र कधीच नव्हते. ज्युबिली लाइन, झोन चार, एकाच गाडीत पाऊण तासात कॅनरी व्हार्फ. किंग्जबरी रोडवर गुजराती वाण्यांची दुकानं, श्रीलंकन तमिळ दुकान, रोमानियन बेकरी, सगळं एकमेकांना लागून. वहिनींनी कोथिंबिरीच्या जुड्या घेतल्या आणि दुकानदाराशी हिंदीत दहा मिनिटं बोलल्या. मग वाचनालयात भाचीला एका जागी बसवून स्वतः कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, बाईंना शाळेच्या प्रवेशाचं विचारलं. रो ग्रीन पार्कमध्ये डबा खाल्ला. तिथं बाकावर तीन आज्या होत्या, त्यातली एक नाशिकची निघाली, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेली. परत येताना चुकीच्या दिशेच्या बसमध्ये बसल्या, आणि १८३ची होती म्हणून थेट माझ्या दारात पोचल्या. जोडीनं चहा झाला.

दादाचं म्हणणं होतं की पंचेचाळीस मिनिटं फार होतात. मी त्याला आकडे मांडून दाखवले. टॉवरचं एका बेडरूमचं भाडं २,१०१. किंग्जबरीला दोन बेडरूम १,८००च्या आसपास, आणि आठवड्याला तीन दिवस गर्दीच्या वेळचं तिकीट धरून महिन्याला सव्वाशेच्या आत. म्हणजे प्रवास धरूनही पावणेदोनशे पौंड वाचतात आणि एक खोली जास्त मिळते. आकडे त्याला पटले. खरं कारण वहिनींनी चार दिवसांत पायी चालून शोधलं होतं, पण एक्सेलवाल्या माणसाला एक्सेलमध्येच उत्तर द्यावं लागतं.

मधल्या रविवारी आम्ही चॉक फार्मजवळ १०, किंग हेन्रीज रोडला गेलो. १९२१-२२मध्ये डॉ. आंबेडकर इथं राहिले. ती वास्तू २०१५मध्ये महाराष्ट्र सरकारनं घेतली. भाची पायरीवर बसली आणि विचारलं, "त्यांना घर शोधायला किती दिवस लागले?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. पण लंडनमध्ये भारतीय विद्यार्थ्याला खोली मिळणं तेव्हा सोपं नव्हतं. श्यामजी कृष्ण वर्मांनी १९०५मध्ये हायगेटला इंडिया हाऊस काढलं, ते मुळात वसतिगृह होतं.

कागद

घर सापडलं ते १९३०च्या दशकातल्या दुमजली घराचा वरचा मजला. मेझोनेट म्हणतात: खालून स्वतंत्र दार, आत जिना. दोन बेडरूम, स्वयंपाकघर वेगळं, त्याला मोठी खिडकी. गॅसचा बॉयलर. विजेच्या स्टोरेज हीटरवर घर तापवायचं म्हटलं की बिल कुठल्या कुठं जातं, म्हणून ही अट मी सोडत नाही. ऊर्जेचा दाखला डी श्रेणीचा. कायद्यानं ई चालतं, सी मिळालं तर उत्तम. भाडं १,८००. व्ह्यूइंगला पंधरा मिनिटं मिळाली. मी गरम पाण्याचा नळ सोडून ठेवला, वहिनींनी सिंकखालचं कपाट उघडलं, दादानं मीटर बघितलं. मोठ्या बेडरूममध्ये कपाट भिंतीला लावलेलं होतं. त्यामागे हात घालून भिंत चाचपायची, हा माझा नेहमीचा नियम. कपाट जड होतं, एजंट घड्याळ बघत होता, मी सोडून दिलं.

पुढचे दहा दिवस कागदांचे. भारतातून येणाऱ्याला हा भाग कुणी नीट समजावून सांगत नाही, म्हणून जरा थांबून सांगते.

घर आवडलं की होल्डिंग डिपॉझिट, म्हणजे घर आपल्यासाठी राखून ठेवायची रक्कम, द्यायचं. कायद्यानं ते एका आठवड्याच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही. इथं ४१५ पौंड. खरं डिपॉझिट जास्तीत जास्त पाच आठवड्यांचं, इथं २,०७६. पुण्या-मुंबईतल्या अनामतीच्या मानानं हे कमी वाटतं. शिवाय ते मालकाच्या मर्जीवर राहत नाही. तीस दिवसांच्या आत सरकारमान्य योजनेत नोंदवून त्याचा कागद भाडेकरूला द्यावा लागतो. एजंट भाडेकरूकडून दलाली घेऊ शकत नाही, २०१९पासून इंग्लंडमध्ये बंदी आहे. "ॲडमिन फी" मागणारा भेटला तर समजून जायचं.

मग पडताळणी. प्रत्येक मोठ्या माणसाला इथं भाड्यानं राहायचा हक्क आहे की नाही, हे मालकाला तपासावं लागतं. सरकारी साइटवरून शेअर कोड, म्हणजे मालकाला हा हक्क ऑनलाइन तपासता येईल असा संकेतांक, काढून द्यायचा, दोन मिनिटांचं काम. जड जातं ते उत्पन्न आणि मागचं रेकॉर्ड. दादाकडे इथली एकही पगाराची पावती नव्हती. या एजंटनंही आधी सहा महिने आगाऊ मागितले. मी म्हटलं, कंपनीचं पगार लिहिलेलं पत्र आणि पुण्याच्या बँकेचं सहा महिन्यांचं विवरण देतो, हवं तर जामीन मी राहते. मालकानं पत्र आणि दोन महिन्यांच्या आगाऊ भाड्यावर मान्य केलं.

जामीन राहायची वेळ आली नाही, बरं झालं. नातं कितीही जवळचं असो, इथल्या जामीनपत्रात बहुधा वरची मर्यादा लिहिलेली नसते आणि मुदत वाढली की जामीनकीही वाढते. मी राहिले असते, पण रकमेची आणि तारखेची मर्यादा घालूनच. दादाला हे जरा लागलं. वहिनींना अजिबात नाही.

करार बारा महिन्यांचा, सहा महिन्यांनंतर दोघांनाही सोडता येईल असं कलम घालून. हे कलम आम्ही मागून घेतलं. नवख्यानं पहिल्या घराला पूर्ण वर्ष बांधून घेऊ नये.

२६ ऑगस्टची बँक हॉलिडे मधे आली, एजंट सुट्टीवर गेला, आणि किल्ली हातात पडली ६ सप्टेंबरला, शुक्रवारी. दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी. घरात एक गादी, दोन पातेली आणि पितळेचा वीतभर गणपती. रविवारी डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळात जाऊन आरती केली. १९३२पासूनचं हे मंडळ किंग्जबरीहून त्याच ज्युबिली लाइनवर तिसरं स्टेशन आहे. शीटमध्ये हा रकाना नव्हता.

शाळेनं मात्र दमवलं. पत्ता नसेल तर अर्ज पुढं जात नाही, आणि ऑगस्टभर शाळांची कार्यालयं बंद. भाची पुण्यात पहिलीत होती. इथं जून २०१८चा जन्म म्हणजे थेट इयर टू. वहिनी म्हणाल्या, "अजून जोडाक्षरं यायचीत आणि दुसरीत?" पण इथं वर्ग वयानुसारच. अगदी जवळच्या शाळेत जागा नव्हती. इयर टूपर्यंत एका शिक्षकामागे तीसच मुलं असा कायदा आहे, एकतिसावं मूल सहसा घेत नाहीत. सव्वा मैलावरची शाळा मिळाली, तीही ३० सप्टेंबरपासून. जवळच्या शाळेत प्रतीक्षायादीत नाव घातलं. ती यादी आधी अर्ज करणाऱ्यांची नसते, बहुधा घराचं अंतर बघून लावतात. म्हणजे मागाहून अर्ज करूनही, घर जवळ असेल तर नाव वर सरकतं. जानेवारीत जागा निघाली. तोवर वहिनी रोज चार फेऱ्या चालल्या, पंचवीस मिनिटांची एक.

नोव्हेंबर

ऑगस्टमध्ये लंडनमधलं कुठलंही घर चांगलंच दिसतं. रात्री आठपर्यंत उजेड, खिडक्या उघड्या, भिंती कोरड्या. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि डिसेंबरात चारच्या आधी सूर्य मावळतो. तेव्हा घराचं खरं रूप दिसतं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मोठ्या बेडरूमच्या त्याच कपाटामागे काळे ठिपके दिसले. मी ज्याच्यामागे हात घातला नव्हता, तेच कपाट. ओढून काढलं तर उत्तरेकडची अख्खी भिंत वरून खाली ओली. दादानं मालकाला ईमेल केला. उत्तर जे सगळ्यांना येतं तेच आलं: तुम्ही भात शिजवता, कपडे घरात वाळवता, खिडक्या उघडत नाही.

यात थोडं तथ्य होतं, ते मान्य करून टाकलं. कपडे रेडिएटरवर वाळत होते. वहिनींनी ते बाथरूममध्ये पंखा लावून वाळवायला सुरुवात केली, सकाळी दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघडायच्या, झाकण ठेवून शिजवायचं. दोन आठवडे तारीखवार फोटो काढले. ओल कमी झाली नाही, आणि पाऊस पडला की वाढत होती. वाफेची ओल पावसाची वाट बघत नाही. मग दादा रस्त्याच्या पलीकडे उभा राहून पाऊस चालू असताना छपराकडे बघत बसला, छत्री धरून, चाळीस मिनिटं. छपराची पन्हळ पानांनी भरलेली होती आणि पाणी तिच्या कडेवरून थेट भिंतीवर उतरत होतं. तो व्हिडिओ पाठवला. तीन दिवसांत शिडी घेऊन माणूस आला, बादलीभर कुजकी पानं निघाली. भिंत वाळायला फेब्रुवारी उजाडला, तोपर्यंत तिघंही छोट्या खोलीत झोपले. रंगाचा खर्च मालकानं दिला. डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढणारं यंत्र) दादानं स्वतः घेतला, तो मागे मिळाला नाही.

मी त्या दिवशी कपाट हलवलं असतं तरी ऑगस्टमध्ये ओल दिसली नसती कदाचित. पण जुने डाग दिसले असते, आणि किल्ली घेण्याआधी पन्हळ साफ करून घेता आली असती. आता मी एजंटला घड्याळ बघू देते.

महिन्याचा हिशेब स्थिरावला तो असा: भाडं १,८००, कौन्सिल टॅक्स दीडशेच्या आसपास (हा इथं राहणाराच भरतो, मालक नाही), गॅस आणि वीज मिळून हिवाळ्यात दोनशे, उन्हाळ्यात सत्तर, पाणी चाळीस, इंटरनेट तीस. किराणा पाचशेच्या आत बसवायला वहिनींना तीन महिने लागले. दादाच्या पुण्यातल्या शीटमध्ये यातला भाडं सोडून एकही आकडा नव्हता.

२०२५च्या मार्चमध्ये सहा महिने झाले, करार सोडायची मुभा आली. दादानं परत शीट उघडली होती, कारण ऑफिसनं आता चार दिवस यायला सांगितलं. इलफर्डची तीन घरं काढली, तिन्ही आधीच्यापेक्षा बरी. वहिनींना तोपर्यंत भाचीच्या शाळेत दुपारच्या जेवणाच्या वेळी मुलांवर लक्ष ठेवायचं काम मिळालं होतं, दिवसाचा सव्वा तास. पगार नगण्य, पण इथल्या शाळेतला पहिला अनुभव म्हणून अर्जात लिहिता येतो. त्यांनी शीट वाचली आणि म्हणाल्या, "तुम्ही जा." शीट बंद झाली.

ऑगस्टमध्ये मालकानं १,९०० मागितले. त्याच रस्त्यावरच्या जाहिराती आणि ओल्या भिंतीचे फोटो पुढं ठेवून १,८५०वर आलं. इंग्लंडमध्ये भाडेकरूंच्या नव्या कायद्याला लागू व्हायची तारीख मिळाली ती १ मे २०२६, महाराष्ट्र दिनाचाच मुहूर्त. त्यात ठरावीक मुदतीचे करार जाऊन महिन्या-महिन्याचे होतात, कारण न देता घर खाली करायला सांगता येत नाही, भाडं वर्षातून एकदाच आणि दोन महिन्यांची सूचना देऊन वाढतं, हॅरोला चालली होती तसली बोली लावता येत नाही, आणि एका महिन्याहून जास्त भाडं आगाऊ मागता येत नाही. शेवटचं कलम ऐकायला छान आहे, पण इथलं रेकॉर्ड नसलेल्या नवख्याला मालक आता कशाच्या भरवशावर घर देतील, ते बघावं लागेल. आमचं काम त्या दोन महिन्यांच्या आगाऊ भाड्यानंच झालं होतं.

नव्या करारात वहिनींनी एक ओळ घालून घेतली: दर ऑक्टोबरात पन्हळ साफ करायची, खर्च मालकाचा. २०२५च्या ऑक्टोबरात माणूस आला नाही. चार ईमेल झाले. शेवटी तो आला नोव्हेंबरच्या सहा तारखेला, आणि पन्हळीतून पानांबरोबर एक टेनिसचा चेंडूही निघाला. तो भाचीचाच होता.